डिझाइन टोकन प्रॉपर्टीला जोडताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी इकडं पतसंस्थेचं ॲप, दुकानाच्या ऑर्डरची वेबसाइट, कारखान्याचं ऊसनोंदणीचं पान अशी कामं करणारे बरेच तरुण डिझायनर आहेत. त्यांचे प्रश्न पुन्हापुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी केली. आपल्याकडचा स्क्रीन मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिपींत उभा राहतो. इंग्रजी धडे पाहून केलेली जोडणी नेमकी तिथंच अपुरी पडते, त्यामुळं त्या प्रश्नांना इथं जास्त जागा दिली आहे.

उदाहरणं फिग्मा आणि पेनपॉट या दोन सॉफ्टवेअरची आहेत. टोकनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती कोणत्या लिपीत असावीत, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१. टोकन म्हणजे नेमकं काय? रंगाचा कोड तर मी आधीपासून लिहून ठेवतोच.

कोड लिहून ठेवला म्हणजे व्हॅल्यू लिहून ठेवली. टोकन म्हणजे डिझाइनमधल्या एका निर्णयाला दिलेलं नाव, आणि व्हॅल्यू त्या नावामागं असते. बटणाच्या रंगाला तुम्ही ‘कृती.पार्श्वभूमी’ हे टोकन जोडलं, की बटणाला स्वतःचा रंग उरत नाही. त्या नावामागं जो रंग असेल तो बटण दाखवतं. उद्या पतसंस्थेनं हिरवा सोडून निळा ठरवला, तर एका जागी बदल करायचा. ही कल्पना सेल्सफोर्स कंपनीत जीना ॲन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास रूढ केली. फिग्मात ती २०२३ मध्ये ‘व्हेरिएबल’ या नावानं आली, पेनपॉटमध्ये २०२५ मध्ये ‘टोकन’ याच नावानं.

२. टोकनांची यादी केली. आता काय कराय पाहिजे?

जोडाय पाहिजे. यादी कितीही सुंदर असली तरी एकाही लेयरला (स्क्रीनवरच्या एखाद्या आकाराला किंवा मजकुराला) जोडली नसेल, तर स्क्रीनवर तिचा काही उपयोग नाही. एवढ्यावर थांबणारे लोक फार आहेत.

जोडणी लेयरला नसते, लेयरच्या एका ठरावीक प्रॉपर्टीला, म्हणजे रंग, जाडी, अंतर अशा एखाद्या गुणाला असते. एका साध्या बटणातच जोडायच्या बऱ्याच जागा निघतात: फिल (आतला रंग), कडेचा रंग, कडेची जाडी, चार कोपऱ्यांचा रेडियस (गोलाई), चारी बाजूंचं पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा), चिन्ह आणि मजकूर यांच्यामधलं अंतर, मजकुराचा रंग, फॉन्ट, आकार, लाइन-हाइट (एका ओळीची उंची). यातल्या निम्म्या जोडल्या आणि निम्म्या तशाच ठेवल्या, तर बदल केल्यावर बटण अर्धं नवं, अर्धं जुनं दिसतं. म्हणून एक घटक हातात घ्या, पूर्ण जोडा, मगच पुढच्याकडं जा.

३. फिग्मा शिकू की पेनपॉट?

कंपनीत नोकरी शोधत असाल तर फिग्मा आलंच पाहिजे. स्वतंत्र कामं घेत असाल किंवा शिकत असाल, तर पेनपॉटपासून सुरुवात करा. ते मुक्तस्रोत आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. फिग्मात किती मोड (त्याच टोकनांच्या व्हॅल्यूंचे पर्यायी संच, उदाहरणार्थ उजळ आणि गडद) मिळतात हे तुमच्या योजनेवर ठरतं. तीन लिपींच्या कामात ते लगेच जाणवतं (प्रश्न ७).

४. जोडायची कृती सांगा. कुठं क्लिक करायचं?

पेनपॉटमध्ये लेयर निवडा, डावीकडं टोकनचा टॅब उघडा आणि टोकनवर क्लिक करा. रंगाचं टोकन असं क्लिक केलं की फिलला लागतं. कडेला लावायचं असेल तर टोकनवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टी निवडायची. एकाच कोपऱ्याला रेडियस किंवा एकाच बाजूला पॅडिंग द्यायचं असलं, तरी उजवं क्लिकच. हे ठाऊक नसल्यामुळं ‘माझं टोकन चुकीच्या जागी लागतं’ अशी तक्रार बरेच जण करतात.

फिग्मात उलट दिशेनं जायचं. आधी उजव्या पट्टीत प्रॉपर्टी गाठायची, तिच्या शेजारच्या व्हेरिएबलच्या चिन्हावर क्लिक करायचं आणि यादीतून नाव निवडायचं. आकड्याच्या जागी नाव दिसू लागलं, की जोडणी झाली.

५. बटणाला सरळ ‘हिरवा.५००’ जोडला तर काय बिघडतं?

आज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या मोठ्या बदलाच्या दिवशी.

समजा एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये ‘हिरवा.५००’ हा रंग बटणाला आहे, ‘हप्ता भरला’ या खुणेला आहे आणि वरच्या पट्टीलाही आहे. संस्थेला बटण आणि पट्टी निळी हवी आहे, पण ‘हप्ता भरला’ हिरवंच राहायला हवं. तुम्ही ‘हिरवा.५००’ मागं निळा टाकलात, तर तिन्ही निळे होतील आणि ‘हिरवा’ नावाच्या टोकनातून निळा रंग येऊ लागेल. मग प्रत्येक लेयर उघडून हा हिरवा कशासाठी होता हे आठवत बसायचं.

म्हणून दोन पायऱ्या ठेवा. खालच्या पायरीवर कच्चे रंग: हिरवा.५००, निळा.६००, राखी.९००. वरच्या पायरीवर कामाची नावं: कृती.पार्श्वभूमी, कृती.मजकूर, स्थिती.यशस्वी. कामाचं टोकन कच्च्या रंगाकडं बोट दाखवतं, आणि लेयरला फक्त कामाचं टोकन जोडायचं. फिग्मात कच्चे रंग वेगळ्या कलेक्शनमध्ये (व्हेरिएबलच्या गटात) ठेवून प्रकाशित करताना लपवता येतात, म्हणजे सोबतच्या डिझायनरला ते यादीत दिसतच नाहीत. हे जरूर करा.

कामाची टोकनं जोडीनं बनवायची सवय लावा. ‘कृती.पार्श्वभूमी’ असेल तिथं तिच्यावर बसणाऱ्या मजकुराचं ‘कृती.मजकूर’ हवंच. वेबच्या सुलभतेच्या मानकाप्रमाणं साध्या आकाराच्या मजकुरात आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या मजकुराला ३ : १. पिवळ्यावर पांढरी अक्षरं यात बसत नाहीत. जोडी ठरलेली असली की पार्श्वभूमी बदलताना मजकुराकडं आपोआप लक्ष जातं.

६. पॅडिंग १६ आणि फॉन्टही १६. एकच टोकन दोन्हीकडं वापरू का?

नको. आकडा सारखा आहे हा योगायोग आहे. वयस्कर सभासदांसाठी अक्षर १८ करायचं ठरलं, तर पॅडिंगनं सोबत वाढायचं काही कारण नाही. ‘अंतर.मध्यम’ आणि ‘अक्षर.मूळ’ अशी वेगळी नावं ठेवा. फिग्मात प्रत्येक व्हेरिएबलची व्याप्ती ठरवता येते, म्हणजे रेडियसचं व्हेरिएबल पॅडिंगच्या यादीत दिसणारच नाही. पेनपॉटमध्ये टोकन बनवतानाच प्रकार निवडायचा असतो. तिथं सगळीकडं चालणारा ‘डायमेन्शन’ हा प्रकार सोयीचा वाटतो, पण मिसळणही त्यानंच होते. शक्य तिथं अंतर, आकार, रेडियस असे नेमके प्रकार घ्या.

७. तोच स्क्रीन मराठी, कन्नड आणि इंग्रजीत हवा आहे. तीन वेगळ्या फाइली करू का?

तीन फाइली करू नका. महिन्याभरात त्या एकमेकींपासून फुटतात आणि मराठी फाइलमध्ये केलेली सुधारणा कन्नडपर्यंत पोचत नाही.

‘लिपी’ नावाचा एक वेगळा गट करा. फिग्मात त्याचं कलेक्शन होईल आणि त्यात तीन मोड असतील. पेनपॉटमध्ये तीन सेट आणि तीन थीम होतील (सेट म्हणजे टोकनांचा गट, थीम म्हणजे कोणते सेट चालू ठेवायचे ती निवड). या गटात लिपीप्रमाणं खरोखर बदलणाऱ्या गोष्टीच ठेवायच्या: फॉन्टचं कुटुंब, अक्षराचा आकार, लाइन-हाइट, अक्षरांमधलं अंतर. रंग इथं आणू नका, त्यांचा गट वेगळाच हवा. गडद-उजळ आणि तीन लिपी एकाच गटात कोंबल्या की सहा मोड होतात आणि सांभाळता सांभाळत नाहीत.

लाइन-हाइटचं कारण आपल्या गावांच्या नावांतच दिसतं. मराठीत आपण ‘निपाणी’ लिहितो, त्यात ओळीखाली काही जात नाही. कन्नडमध्ये त्याच गावाच्या नावात ‘प’ जोडाक्षर आहे, आणि कन्नडची जोडाक्षरं खाली लटकतात. त्यांना ओत्तक्षर म्हणतात. चिक्कोडीचंही तसंच. मराठीत ‘हुक्केरी’ लिहा: वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार. इंग्रजीला बेतलेल्या लाइन-हाइटमध्ये ही अक्षरं शेजारच्या ओळीला चिकटतात. १६ च्या अक्षराला इंग्रजीसाठी मी २४ ठेवते, मराठीसाठी २६ ते २८ आणि कन्नडसाठी २८ पासून सुरुवात करते. फॉन्टप्रमाणं हे आकडे हलतात, तेव्हा तुमच्या फॉन्टमध्ये हीच गावं टाइप करून पाहा. फिग्माचं व्हेरिएबल म्हणजे नुसता आकडा, त्यात टक्क्याचं चिन्ह बसत नाही. म्हणून हा हिशेब पिक्सेलमध्येच करा.

अक्षरांमधलं अंतर हा मोठा सापळा आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांतल्या शीर्षकाला थोडं अंतर दिलं की ते छान दिसतं. तेच टोकन मराठी मजकुरालाही लागलं, तर शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. मराठी आणि कन्नड मोडमध्ये या टोकनाची व्हॅल्यू ० ठेवा. जोडणी काढू नका. जोडणी तिन्हीकडं तीच, व्हॅल्यू वेगळी.

८. तीन लिपींत मजकूर टाकला की बटणाची उंची कमी पडते. उंचीचं टोकन वाढवू का?

उंचीला टोकन जोडलं आहे, अडचण तीच आहे. बटणाच्या मजकुराचा लाइन-हाइट लिपीप्रमाणं बदलणार (प्रश्न ७), तेव्हा उंची मजकुरावरून ठरू द्या. टोकन वरच्या-खालच्या पॅडिंगला जोडा, आणि बटण कमीत कमी एवढं तरी असावं म्हणून किमान उंचीला ‘स्पर्श.किमान’ हे ४४ चं टोकन द्या. रुंदीचंही तसंच: कन्नडचा शब्द लांब निघाला तर बटण पसरलं पाहिजे. आतल्या मजकुराप्रमाणं डबा आपोआप लहानमोठा करणारी सोय, म्हणजे फिग्मात ऑटो लेआउट आणि पेनपॉटमध्ये फ्लेक्स लेआउट, लावल्याशिवाय यातलं काही चालत नाही, कारण पॅडिंग ही प्रॉपर्टीच मुळात तिथं जन्मते.

९. तिन्ही लिपींना शोभेल असा फॉन्ट कोणता? ‘मुक्ता’ चालेल का?

मुक्ता देवनागरीसाठी फार चांगला आहे, पण त्या कुटुंबात कन्नड नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचं ‘अनेक’ हे कुटुंब देवनागरी, कन्नड आणि लॅटिन तिन्हींत आहे. नोटो सान्सचंही तसंच. दोन्ही मोफत मिळतात. प्रत्येक लिपीची फाइल वेगळ्या नावाची असते, म्हणून कुटुंबाचं नाव मोडप्रमाणं बदलणाऱ्या टोकनात ठेवायचं.

जोडलेली जाडी त्या फॉन्टमध्ये आहे का, हे आधी पाहा. नोटो सान्स १०० ते ९०० पर्यंत जातो, ‘अनेक’ ८०० वर थांबतो. ‘जाडी.शीर्षक’ मागं ९०० ठेवून कुटुंब ‘अनेक’ केलंत, तर तुम्ही मागितलेली जाडी मिळणारच नाही. तिन्ही लिपींत उपलब्ध असलेल्याच जाड्या टोकनात ठेवा. ४००, ६०० आणि ७०० एवढ्यात जवळजवळ सगळं भागतं.

१०. मी एका ठिकाणी आकडा हातानं बदलला. जोडणी राहिली की गेली?

गेली. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या प्रॉपर्टीत हातानं नवी व्हॅल्यू टाकली, की त्या प्रॉपर्टीपुरती जोडणी सुटते. बाकीच्या शाबूत राहतात. स्क्रीन वरून अगदी बरोबर दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही. पुढच्या बदलात ती एकच जागा मागं राहते. काम सोपवण्याआधी सगळ्या टोकनांची थीम एकदा पूर्ण बदलून पाहा. जी जागा बदलली नाही, ती सुटलेली आहे.

टोकनच काढून टाकलं, तर लेयर शेवटची व्हॅल्यू दाखवत राहतो. चित्र बिघडत नाही, पण पुढचा बदल तिथं पोचत नाही. म्हणून काढण्याआधी त्याच्या जागी दुसरं टोकन जोडून घ्या.

११. मुख्य कंपोनंटमध्ये जोडलं, तरी काही स्क्रीनवर जुनाच रंग येतो.

मुख्य कंपोनंट म्हणजे घटकाचा मूळ नमुना, आणि स्क्रीनवर त्याच्या प्रती असतात. त्या स्क्रीनवरच्या प्रतीत कुणीतरी आधी हातानं रंग बदलला असणार. प्रतीवर केलेला बदल मुख्य कंपोनंटपेक्षा वरचढ ठरतो. ती प्रत निवडा, तिच्यावरचे बदल रीसेट करा. मजकूर मात्र आधी कॉपी करून ठेवा, कारण सगळं रीसेट केलं तर लिहिलेलं मराठीही जाईल आणि मूळचं ‘बटण’ हे नमुन्याचं नाव परत येईल. जमलं तर फक्त रंगाचाच बदल मागं घ्या.

१२. गडद थीम चालू केली, पण काहीच बदलत नाही, किंवा अर्धंच बदलतं.

पेनपॉटमध्ये आधी सेट चालू आहे का पाहा. मग क्रम पाहा. एकाच नावाचं टोकन दोन चालू सेटमध्ये असेल, तर यादीत खाली असलेल्या सेटची व्हॅल्यू लागते. ‘गडद’ वर आणि ‘उजळ’ खाली असेल, तर गडद चालू असूनही उजळच दिसणार. नावंही तंतोतंत जुळली पाहिजेत. एका जागी लहान अक्षर आणि दुसरीकडं मोठं असलं, तर ती दोन वेगळी टोकनं होतात.

फिग्मात मोड वरच्या फ्रेमकडून आतल्या लेयरकडं उतरतो. आतल्या एखाद्या डब्याला कुणी थेट ‘उजळ’ मोड ठरवून दिला असेल, तर तो बाहेरच्याचं ऐकत नाही. त्याचा मोड ‘ऑटो’वर आणा. तरीही रंग हलला नाही, तर तिथं कच्चा रंग जोडलेला असण्याची शक्यता मोठी (प्रश्न ५).

१३. आम्ही दुकानाच्या पाट्याही करतो. ६० टक्के कन्नडचा नियम टोकनात बसवता येईल का?

पेनपॉटमध्ये येईल. कर्नाटकातल्या कन्नड भाषेच्या कायद्याला २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं नामफलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या बाजूला हवं आहे. पाटीच्या पूर्ण रुंदीचे आडवे पट्टे केले, तर हिशेब फक्त उंचीचा उरतो. ‘पाटी.उंची’ ला ९०० द्या. ‘पाटी.कन्नड’ च्या व्हॅल्यूत महिरपी कंसात ‘पाटी.उंची’ हे नाव लिहून पुढं गुणिले शून्य दशांश सहा टाका, ५४० येतील. ‘पाटी.बाकी’ मध्ये पहिल्यातून दुसरं वजा करा, ३६० उरतात. त्यात मराठी आणि इंग्रजी. ही टोकनं पूर्ण पाटीच्या आणि तिच्यातल्या दोन पट्ट्यांच्या उंचीला जोडली, की गणपत गल्लीतली लांबट पाटी असो की उद्यमबागेतला कारखान्याचा मोठा फलक, एक आकडा बदलून प्रमाण तेच राहतं. मापं पिक्सेलमध्ये असतात, तेव्हा छपाईवाल्याला प्रमाण लिहून द्या.

फिग्मात व्हेरिएबलच्या व्हॅल्यूत असं सूत्र ठेवता येत नाही. तिथं सूत्रं प्रोटोटाइपच्या (क्लिक करून पाहायच्या नमुन्याच्या) क्रियांमध्ये चालतात. तीन आकडे स्वतः काढून लिहावे लागतील.

१४. टोकनांची नावं मराठीत ठेवली तर?

मनापासून वाटतं की ठेवावीत, आणि सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमांत देवनागरी नाव बसतंही. पण प्रत्येक साधन ते स्वीकारेलच असं नाही, आणि पुढं काम बंगळूर किंवा पुण्याच्या टीमकडं गेलं तर अडतं. फाइलमध्ये रोमन अक्षरांत, साधी आणि एकाच पद्धतीची नावं ठेवा. टोकनासोबत वर्णनाची जागा असते. तिथं हे टोकन कशासाठी आहे, कुठं वापरू नये, ते भरपूर मराठीत लिहा. ती जागा लोक रिकामी ठेवतात याचं वाईट वाटतं.

१५. फॉन्टचं टोकन बरोबर लागलंय, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात.

ही टोकनची चूक नाही. पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतात, पण मजकुरावर मराठी भाषेची खूण असेल तरच ती पुढं येतात. वेबपानावर ती खूण डेव्हलपरनं घालायची असते, आणि ती ‘हिंदी’ ठेवलेली किंवा मुळीच नसलेली मी अनेकदा पाहते. मराठी वळण मुळातच असलेला फॉन्ट हवा असेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे. तो लांब मजकुराला शोभतो, बटणांना नाही.

१६. डेव्हलपरला काय द्यायचं?

टोकनांची जेसन फाइल (नावं आणि व्हॅल्यू साध्या मजकुरात मांडणारी फाइल) द्या. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या डिझाइन टोकन्स कम्युनिटी ग्रुपनं या फाइलचा नमुना ठरवला आहे, आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. पेनपॉट त्याच वळणाची फाइल देतं. स्टाइल डिक्शनरी हे मुक्तस्रोत साधन तिच्यातून वेब, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळ्या फाइली काढतं. फाइलसोबत एक गोष्ट तोंडी सांगा: कोडमध्येही प्रॉपर्टीला कामाचंच नाव जोडायचं. तिथं कच्चा रंग लिहिला गेला, तर तुमची सगळी जोडणी डिझाइनच्या फाइलपुरतीच राहते.

१७. टोकन कशाला जोडू नये?

संस्थेच्या बोधचिन्हाच्या रंगाला, चित्रांमधल्या रंगांना आणि एकदाच येणाऱ्या सणाच्या बॅनरला. बोधचिन्ह थीमप्रमाणं बदलू लागलं तर ते बोधचिन्ह राहत नाही. गडद पार्श्वभूमीसाठी त्याची वेगळी प्रत ठेवा.

१८. फिग्मात मजकुरालाही व्हेरिएबल लागतं. मग तिन्ही भाषांचं भाषांतर तिथंच ठेवू का?

ग्राहकाला दाखवायच्या नमुन्यापुरतं ठेवा. मोड बदलला की ‘पुढे जा’ चं कन्नड होतं, आणि लांबी-उंचीचा अंदाज खऱ्या शब्दांवर येतो, जो प्रश्न ८ साठी हवाच असतो. पण ॲपचं खरं भाषांतर कोडच्या भाषांतराच्या फाइलमध्येच राहिलं पाहिजे. ‘५ हप्ते बाकी’ आणि ‘१ हप्ता बाकी’ यांतला फरक साध्या मजकुराच्या व्हेरिएबलला कळत नाही, आणि कन्नडमध्ये अनेकवचन मराठीसारखं चालत नाही. शिवाय दोन जागी ठेवलेलं भाषांतर लवकरच दोन तऱ्हेचं होतं. नमुना मंजूर झाला की शब्द तपासायला कन्नड आणि मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या माणसाकडं द्या. आपल्या भागात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.